खुळेपणाचा अधिकार

विनोदी नाटक पाहून घरीं परतणाऱ्या प्रेक्षकास जर कोणी विचारलें कीं, 'आज पाहिलेंत तें सारें खरें होतें काय?', तर तो बहुधा उत्तर देईल कीं, 'खरेंच पाहावयाचें असतें, तर तिकिटाचे पैसे कशाला खर्च केले असते?' हें उत्तर वरवर पाहतां समर्पक आहे. परंतु त्याच गृहस्थाच्या गांवाची, जातीची किंवा धंद्याची टवाळी त्या नाटकांत झाली असती, तर तोच 'आमच्यांत असें कोणी बोलत नाहीं हो!' असें तावातावानें सांगत घरीं आला असता. म्हणजे विनोदानें सत्याशीं इमान राखावें कीं नाहीं, ह्या प्रश्नाचें उत्तर आपण प्रेक्षकांत बसलों आहों कीं थट्टेचा विषय झालों आहों, ह्यावर अवलंबून राहतें. नीतीच्या प्रश्नाचें उत्तर असें जागेप्रमाणें बदलूं लागलें, कीं त्या प्रश्नाकडे पुन्हां एकदां शांतपणें पाहणें अवश्य होतें.

हा विचार आमच्या मनांत येण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. आमच्या एका स्नेह्यांची कन्या उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेंत असते. ती सुट्टींत घरीं आली असतां एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर तरुण मंडळी 'द बिग बँग थिअरी' ही अमेरिकन विनोदी मालिका लावून बसली. आम्हीही तेथेंच होतों. ह्या मालिकेंत राज कूथ्रप्पली नांवाचा एक भारतीय शास्त्रज्ञ आहे. तो बोलूं लागला कीं मंडळींत हंशा पिके. ती मुलगीही मनापासून हंसत होती. मधेंच ती आम्हांस म्हणाली, 'काका, मला हा राज फार आवडतो. पण तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यांत वर्गांतल्या एका मुलानें मला सांगितलें कीं, तूं ह्याच्यासारखें बोलून दाखव. त्या वेळीं मला कांहीं हंसूं आलें नाहीं.' तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, आणि त्या मुलाच्या मनांतही बहुधा दुष्टावा नसावा. तरी पण मालिकेंतील एका कल्पित पुरुषाचा उच्चार एका हाडामांसाच्या मराठी मुलीच्या गळ्यांत कसा येऊन पडला, हें कोडें आमच्या मनांत घर करून राहिलें.

तरुणांच्या जीवनावरील विनोदी मालिका हा दूरचित्रवाणीचा एक विशेष लोकप्रिय प्रकार आहे. शिक्षण संपलेलें आहे, संसार सुरू झालेला नाहीं; आईबापांचें घर सुटलें आहे, स्वतःचें घर उभें राहिलेलें नाहीं; अशा आयुष्याच्या उंबरठ्यावरील पांचसहा तरुण-तरुणी एकत्र येतात आणि एकमेकांचें कुटुंब बनतात, हें ह्या मालिकांचें सर्वसाधारण कथानक. ह्या प्रकाराचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे 'फ्रेंड्स'. मार्टा कॉफमन व डेव्हिड क्रेन ह्यांनीं निर्माण केलेली ही मालिका अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर सप्टेंबर १९९४ मध्यें सुरू झाली आणि मे २००४ मध्यें संपली. तिचे एकंदर २३६ भाग झाले, आणि शेवटचा भाग एकट्या अमेरिकेंत सुमारें सव्वापांच कोटि लोकांनीं पाहिला. पुढें ती जगभर गेली. आपल्याकडील ज्या तरुणांनीं न्यूयॉर्क शहर कधीं पाहिलें नाहीं, त्यांनाही त्या सहा मित्रांची बैठकीची खोली स्वतःच्या घराइतकी पाठ झाली.

मालिकेवर पहिला आक्षेप येतो तो त्या खोलीमुळेंच. एक मैत्रीण उपाहारगृहांत स्वयंपाक करणारी, दुसरी कॉफीचे पेले पोंचविणारी. अशा दोघी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजसारख्या महाग वस्तींत एवढें ऐसपैस घर घेऊन कशा राहतात? लेखकांनाही ही अडचण जाणवली असावी. कारण हें घर आजीच्या नांवावर असून त्याचें भाडें भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें बांधलेलें आहे, असा खुलासा त्यांनीं मालिकेंतच करून ठेविला आहे. आम्हांस विचाराल तर ह्या खुलाशाची गरज नव्हती. आपल्या नाट्यशास्त्रानें लोकधर्मी व नाट्यधर्मी असे दोन प्रकार फार पूर्वींच सांगून ठेविले आहेत. लोकांत जसें घडतें तसें दाखविणें ही लोकधर्मी रीत. प्रयोगाच्या सोयीसाठीं संकेतानें दाखविणें ही नाट्यधर्मी. ती ऐसपैस खोली वस्तुतः न्यूयॉर्कमध्यें नव्हतीच. कॅलिफोर्नियांतील बरबँक येथील चित्रशाळेंत, समोर बसलेल्या प्रेक्षकांना दिसावें व कॅमेऱ्यांना वाव मिळावा म्हणून ती उभारलेली होती. तिला चौथी भिंत नव्हती हें जसें आपण चालवून घेतों, तसेंच तिचें क्षेत्रफळही चालवून घ्यावें. विनोद म्हटला कीं अतिशयोक्ति आलीच.

दुसरा आक्षेप मात्र इतक्या सहज निकालांत निघणारा नाहीं. १९९० च्या जनगणनेंतच न्यूयॉर्क शहरांत हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्या लोकांचें प्रमाण निम्म्याहून खालीं आलेलें होतें. अशा शहरांत दहा वर्षें राहणाऱ्या सहा मित्रांच्या जिव्हाळ्याच्या वर्तुळांत एकही काळा, आशियाई किंवा लॅटिन अमेरिकन मनुष्य कायमचा येत नाहीं. आयेशा टायलर ह्या कृष्णवर्णी नटीची प्राध्यापिकेची भूमिका नऊ भागांपुरती आली ती २००३ मध्यें, म्हणजे मालिका संपत आल्यावर. गंमत अशी कीं, 'फ्रेंड्स'च्या एक वर्ष आधीं, ऑगस्ट १९९३ मध्यें, फॉक्स वाहिनीवर 'लिव्हिंग सिंगल' नांवाची मालिका सुरू झालेली होती. यव्हेट ली बाउझर ह्या लेखिकेनें निर्मिलेल्या त्या मालिकेंतही सहाच तरुण मित्र, न्यूयॉर्कचाच ब्रुकलिन भाग, आणि प्रेमाचे व पोटापाण्याचे तसलेच घोटाळे. फरक इतकाच कीं तीं सहाही माणसें कृष्णवर्णी होतीं. दोन्ही मालिका वॉर्नर ब्रदर्स ह्या एकाच संस्थेच्या. तरी त्यांतील एक 'तरुणांची मालिका' म्हणून जगभर गेली, आणि दुसरी 'काळ्या तरुणांची मालिका' म्हणून ओळखली गेली. एकीला विशेषणाची गरज भासली नाहीं. दुसरीचें विशेषण कधीं सुटलें नाहीं.

येथें अतिशयोक्ति आणि लोप ह्यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. अतिशयोक्ति उघड्यावर असते. खोली फार मोठी आहे हें लहान मूलही ओळखतें, आणि ओळखूनच हंसतें. त्यांत कोणाची फसवणूक होत नाहीं. लोपाची गोष्ट निराळी आहे. जें दाखविलें त्याची शंका घेतां येते. जें दाखविलेंच नाहीं त्याची शंका यावी कशी? ज्यानें तें शहर प्रत्यक्ष पाहिलें आहे, त्याला उणीव जाणवेल. परंतु ज्यानें तें केवळ ह्या मालिकेंतूनच पाहिलें, त्याच्या मनांत तें शहर तसेंच उभें राहील. अतिशयोक्ति हा नाट्यधर्म आहे आणि तो सर्वांस ठाऊक आहे. लोप मात्र लोकधर्माचा वेष घेऊन येतो, आणि 'लोक असेच असतात' असें न बोलतांच सांगून जातो. विनोदाला पहिल्याची सनद आहे. दुसऱ्याची कोणी दिलेली नाहीं.

'पण ह्यांत कोणाचें काय बिघडलें?' असें कोणी विचारील, आणि हा प्रश्न टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आम्हीं स्वतः 'फ्रेंड्स' आवडीनें पाहिली आहे. रॉसच्या फजितीला हंसण्यासाठीं त्याच्या वर्णाचें किंवा धर्माचें असावें लागत नाहीं. मराठी घरांतील आजीबाईदेखील नातवंडांच्या शेजारीं बसून त्याला हंसतात. आपल्यासारखें माणूस दिसल्याखेरीज कोणास रसास्वाद घेतां येत नाहीं असें जे म्हणतात, ते वाङ्मयाची शक्ति ओळखीत नाहींत. तेव्हां वगळलेल्या माणसाचा आनंद बुडतो, हें कांहीं खरें नुकसान नव्हे. नुकसान होतें तें दुसरीकडे. ज्या माणसाला लोक कथेंत कधीं भेटले नाहींत, तो प्रत्यक्षांत समोर आला म्हणजे त्याला ओळखण्यासाठीं त्यांच्या हाताशीं कांहींच नसतें. मग कोठून तरी मिळालेला एखादा सांचा काढून ते त्याच्यावर ठेवून पाहतात. त्या मुलीच्या सहाध्यायानें हेंच केलें. भारतीय माणसाचा जो एकुलता एक सांचा त्याच्यापाशीं होता, तो त्यानें तिला लावून पाहिला.

'फ्रेंड्स'च्या निर्मात्यांपैकीं मार्टा कॉफमन ह्यांनीं २०२२ मध्यें 'लॉस अँजेलिस टाइम्स' ह्या पत्राशीं बोलतांना ह्या उणिवेबद्दल उघडपणें खेद व्यक्त केला. ही टीका आरंभीं आपणांस मानवली नव्हती, हेंही त्यांनीं कबूल केलें. आणि ज्या ब्रँडाइस विद्यापीठांत त्यांचें शिक्षण झालें, तेथें आफ्रिकन व आफ्रिकन-अमेरिकन विषयांच्या अध्यासनासाठीं ४० लाख डॉलर देण्याचें जाहीर केलें. यशाच्या शिखरावर बसलेल्या व्यक्तीनें आपली चूक मान्य करावी, हें थोर मनाचें लक्षण आहे. परंतु झालेल्या २३६ भागांत आतां कोणास नव्यानें आणून बसवितां येत नाहीं. म्हणून पश्चात्तापापेक्षां अशी चूक मुळांत कशी होते ह्याचा विचार अधिक उपयोगी.

ह्या बाबतींत लेखकांकडून येणारें सर्वांत प्रामाणिक उत्तर 'गर्ल्स' ह्या मालिकेच्या वेळीं मिळालें. लीना डनम ह्या तरुण लेखिकेची ही मालिका एचबीओ वाहिनीवर २०१२ ते २०१७ ह्या काळांत चालली. पैशाच्या बाबतींत ती 'फ्रेंड्स'हून पुष्कळच खरी आहे. पहिल्याच भागांत नायिकेचे आईवडील तिला सांगतात कीं, यापुढें तुझा खर्च आम्ही चालविणार नाहीं. पण तिच्याही चार प्रमुख मैत्रिणी गोऱ्याच. टीका झाली तेव्हां डनम ह्यांनीं उत्तर दिलें कीं, आपण स्वतःच्या अनुभवांतून लिहिलें, आणि केवळ देखाव्यासाठीं एखादें पात्र घालणें आपणांस नको होतें. पुढें २०१३ मध्यें डॉनल्ड ग्लोव्हर हा कृष्णवर्णी नट दोन भागांत येऊन गेला. डनम ह्यांच्या उत्तरांत तथ्य आहे. जें ठाऊक नाहीं तें लिहिणारा लेखक जें ठाऊक आहे तें लिहिणाऱ्यापेक्षां अधिक खोटें लिहितो. परंतु हें उत्तर एका लेखिकेपुरतें पुरतें, सबंध धंद्यापुरतें पुरत नाहीं. ज्यांचा अनुभव एकाच वळणाचा आहे अशांनाच जर वर्षानुवर्षें भांडवल मिळत राहिलें, तर 'अनुभवांतून लिहा' हा उत्तम उपदेशही दाराला लावलेल्या अडसरासारखा होऊन बसतो.

मग ह्यावर उपाय कोणता? सर्वांत सोपा उपाय म्हणजे डोकीं मोजणें. पात्रांत एक काळा, एक चिनी, एक भारतीय आला, कीं काम झालें! परंतु 'द बिग बँग थिअरी' पाहतां हा उपाय किती अपुरा आहे हें कळून येतें. ही मालिका सीबीएस वाहिनीवर २००७ पासून २०१९ पर्यंत चालली, आणि तिचे २७९ भाग झाले. पॅसडिना शहरांतील तरुण शास्त्रज्ञ हे तिचे नायक. त्यांच्या खोलींतील फळ्यावर जीं समीकरणें दिसतात तीं अचूक असावीं, म्हणून लॉस अँजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक डेव्हिड सॉल्ट्झबर्ग ह्यांचा सल्ला घेतला जात असे. फळा दिसतो क्षणभर, आणि हंशासाठीं त्याचा फारसा उपयोगही नाहीं. तरी तो खोटा असूं नये असें निर्मात्यांस वाटलें, हें त्यांस भूषणावह आहे. तीच काळजी राजच्या घराविषयीं दिसते काय? त्याचें आडनांव केरळच्या वळणाचें, घर दिल्लींत, वडील श्रीमंत डॉक्टर. आतां दिल्लींत मल्याळी कुटुंबें पुष्कळ आहेत, व अशा घरांत दोन भाषांची आणि दोन चालीरीतींची जी ओढाताण चालते, तींत विनोदाची मोठी खाण आहे. मालिकेनें ती खाण फारशी खणली नाहीं. तिचें काम बव्हंशीं उच्चारांची लकब, आईबापांनीं ठरविलेलें लग्न, आणि मद्य घेतल्याखेरीज स्त्रियांशीं बोलूं न शकणारा बुजरेपणा एवढ्यावरच भागलें. हा शेवटचा विनोद तर २०१३ पर्यंत चालला. राजचें काम करणारा कुणाल नय्यर हा नट दिल्लींतच वाढलेला असून त्याचें काम गोड आहे. तेव्हां दोष नटाचा नव्हे. फळ्यावरचें समीकरण तपासून मांडलें गेलें, आणि माणसाचें समीकरण अदमासानें.

मात्र राज खुळा आहे, हा आमचा आक्षेप नाहीं. त्याचे मित्र शेल्डन व लेनर्ड हेही खुळेच आहेत. शेल्डन तर राजच्या दसपट विक्षिप्त आहे. आक्षेप आहे तो जमाखर्चाचा. शेल्डनचा खुळेपणा शेल्डनच्याच खात्यावर पडतो. तो मूळचा टेक्सासचा, पण टेक्सासचे सगळे गोरे असेच असतात असें कोणी म्हणत नाहीं, कारण तसल्या माणसांचे दुसरे शेंकडों नमुने प्रेक्षकांनीं पाहिलेले असतात. राजचा खुळेपणा मात्र शंभर कोटींहून अधिक माणसांच्या सामायिक खात्यावर मांडला जातो, आणि त्याची वसुली होते ती एखाद्या निरपराध विद्यार्थिनीकडून. म्हणून पडद्यावर आपल्यापैकीं कोणी दिसला कीं समता आली, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या माणसाला स्वतःच्या जबाबदारीवर, स्वतःच्या नांवावर खुळेपणा करतां येतो आणि त्याचें प्रायश्चित्त त्याच्या जातभाईंना भोगावें लागत नाहीं, त्यालाच विनोदाच्या राज्यांत बरोबरीचें स्थान मिळालें असें म्हणावें.

हा अधिकार कांहीं लोकांना फार पूर्वींपासून आहे. संस्कृत नाटकांतील विदूषक हा ब्राह्मण. तो खादाड, भित्रा, आणि संस्कृत सोडून प्राकृत बोलणारा. पण त्याला हंसून ब्राह्मणवर्गाची अप्रतिष्ठा झाल्याचें कोणास वाटलें नाहीं. चिं. वि. जोशी ह्यांचा चिमणराव आपल्या वाचकांच्या पिढ्यांनीं घरचा मानला, आणि पुढें मुंबई दूरदर्शनच्या पडद्यावरही त्याचें कोडकौतुक केलें. त्याच्या फजितीला हंसतांना मध्यमवर्गीय वाचक स्वतःलाच हंसत होता, आणि त्याला त्यांत कांहीं भय नव्हतें. भय नव्हतें, कारण त्याच वर्गाचे न्यायाधीश, अध्यापक, देशभक्त आणि कवि त्याच मासिकांच्या पानोपानीं वावरत होते. एका चिमणरावामुळें बुडेल एवढी त्यांची पत हलकी नव्हती. ज्यांची पत अजून बांधली जावयाची आहे, त्यांना हें औदार्य परवडत नाहीं. आणि 'तुम्हांला विनोद कळत नाहीं' असें त्यांस म्हणणें हें पोट भरलेल्यानें उपाशी माणसास मिताहार शिकविण्यासारखें आहे.

अझीझ अन्सारी व अ‍ॅलन यँग ह्यांनीं निर्मिलेल्या, २०१५ मध्यें नेटफ्लिक्सवर आलेल्या 'मास्टर ऑफ नन' ह्या मालिकेंत हीच गोष्ट हंसत हंसत मांडली आहे. तिच्या एका भागांत दोन तरुण भारतीय नट काम शोधीत असतात. दोघेही चांगले, पण दोन भारतीय घेतले तर ती 'भारतीयांची मालिका' होईल, अशी धंद्यांतील मंडळींना धास्ती. दोन गोरे घेतले म्हणून गोऱ्यांची मालिका होत नाहीं. हिशेबांतील हा अन्याय त्या एका प्रसंगांत जितका स्पष्ट होतो, तितका दहा व्याख्यानांनीं व्हावयाचा नाहीं. त्याच मालिकेच्या दुसऱ्या एका भागांत नायकाचे आईवडील येतात, आणि त्यांचीं कामें अन्सारीच्या खऱ्याखुऱ्या आईवडिलांनींच केलेलीं आहेत. सराईत नटांची सफाई त्यांच्यांत नाहीं. परंतु तो बाप पाहतांना हा अमुक देशाचा नमुना आहे असें मनांत येत नाहीं. हा कोणा एकाचा बाप आहे, एवढेंच दिसतें. त्या भागाच्या लेखनास २०१६ चें एमी पारितोषिक मिळालें.

येथें उलट बाजूची चूकही सांगितली पाहिजे. थट्टेच्या भयानें कित्येकदां वगळलेल्या समाजाचीं माणसें पडद्यावर आणतांना त्यांना सद्गुणांचे पुतळे करून आणतात. सगळे हुशार, सगळे सोज्ज्वळ, सगळे समजूतदार! हाही एक बंदिवासच आहे. कारण ज्याला चुकण्याची मुभा नाहीं तो पाहुणाच राहतो, घरचा होत नाहीं. इसा रे ह्या कृष्णवर्णी लेखिकेनें २०११ मध्यें इंटरनेटवर जी लहानशी मालिका सुरू केली, तिच्या नांवाचाच अर्थ 'एका अवघडलेल्या काळ्या मुलीचे घोटाळे' असा होता. मला आदर्श म्हणून पाहूं नका, मलाही इतरांसारखें गोंधळूं द्या, अशीच जणूं तिची मागणी होती. त्यांतून पुढें लॉस अँजेलिसच्या पार्श्वभूमीवरील 'इन्सिक्युअर' ही मालिका झाली व ती २०१६ ते २०२१ चालली. तिची नायिका आरशासमोर उभी राहून स्वतःशींच गाणीं रचते, मैत्रिणींशीं भांडते, प्रेमांत चुकते. आणि तिच्या चुका तिच्याच राहतात. ह्या मालिकेंत काळ्या त्वचेवर प्रकाश कसा पडावा ह्याचाही स्वतंत्र विचार एव्हा बर्कोफ्स्की ह्या छायालेखिकेनें केला. हें सांगावयाचें कारण असें कीं, छायाचित्रांचे रंग जुळविण्यासाठीं अमेरिकन प्रयोगशाळा कित्येक दशकें जें नमुन्याचें कार्ड वापरीत, त्यावर गोऱ्या स्त्रीचें चित्र असे. यंत्राला पक्षपात ठाऊक नसतो असें आपण म्हणतों. पण यंत्र जुळविणाऱ्यानें कोणता चेहरा समोर धरला होता, हें विचारण्याचें आपणांस सुचत नाहीं.

मग ज्याचें घर त्यानेंच लिहावें, इतरांनीं लेखणी खालीं ठेवावी, असें आमचें म्हणणें आहे काय? मुळींच नाहीं. तसें झालें तर वाङ्मय म्हणजे केवळ आत्मचरित्रांचा संग्रह होईल. घराची माहिती जन्मानें मिळते, तशी ती कष्टानेंही मिळवितां येते. १९८७ मध्यें सुरू झालेली 'अ डिफरंट वर्ल्ड' ही मालिका काळ्या विद्यार्थ्यांच्या एका कल्पित महाविद्यालयावर होती. पहिल्या वर्षीं ती पोकळ वाटते अशी टीका झाली. दुसऱ्या वर्षीं डेबी अ‍ॅलन ह्यांच्याकडे सूत्रें आलीं. त्या स्वतः हॉवर्ड विद्यापीठांत शिकलेल्या. परंतु केवळ आपल्या आठवणींवर न विसंबतां त्या लेखकमंडळींना अटलांटा येथील स्पेलमन व मोरहाउस ह्या महाविद्यालयांत घेऊन गेल्या, आणि विद्यार्थी कशावर भांडतात, कशाला भितात, कशाला हंसतात हें त्यांनीं तेथें ऐकविलें. मालिकेचा नूर पालटला. फळ्यावरच्या समीकरणासाठीं जो आदर दाखविला जातो, तोच माणसासाठीं दाखविला कीं काय होतें, ह्याचें हें उदाहरण आहे.

ही सारी चर्चा परक्या देशाची म्हणून आपणांस सोडून देतां येणार नाहीं. २०१५-१६ मध्यें झी मराठी वाहिनीवर 'दिल दोस्ती दुनियादारी' ही मालिका आली. मुंबईंत एकाच घरांत राहणाऱ्या सहा तरुण-तरुणींची ती कथा. तिची 'फ्रेंड्स'शीं तुलना होणें साहजिक होतें. पण त्या घराला नांव दिलेलें होतें 'माजघर', आणि हें नांव आम्हांस फार सूचक वाटतें. जुन्या मराठी घरांत ओटीवर कोणीही येऊन बसे. माजघरांत मात्र घरचींच माणसें जात. आपल्या विनोदी नाटकांत व मालिकांत ओटीपर्यंत पुष्कळजण येतात. जुन्या नाटकांतला रामागडी यावयाचा, मालवणींत दोन वाक्यें बोलावयाचा, हंशा घ्यावयाचा, आणि आंत निघून जावयाचा. त्याला स्वतःची फजिती करून घ्यावयास वेळच मिळत नसे. त्याची भाषा हीच त्याची फजिती. १९८० मध्यें गंगाराम गवाणकरांचें 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळी ह्यांनीं रंगभूमीवर गाजविलें, तेव्हां तीच मालवणी ओटीवरून माजघरांत आली. त्या नाटकांतील गांवकरी कांहीं कमी खुळे नाहींत. परंतु प्रत्येकाचा खुळेपणा निराळा आणि ज्याचा त्याचा आहे. पडदा पडल्यावर मालवणी माणूस मान खालीं घालून घरीं गेला नाहीं, तो अभिमानानें गेला. आज आपल्या पडद्यावर वऱ्हाडी, अहिराणी बोलणारें माणूस, घरकाम करणारी बाई किंवा दारावरचा पहारेकरी आला, कीं तो ओटीवर आहे कीं माजघरांत, हें ज्यानें त्यानें स्वतःस विचारून पाहावें.

हंसण्यावर बंधन घालावें असें आम्हांस वाटत नाहीं. हंसणें हें स्वभावतः उच्छृंखल आहे, आणि प्रत्येक हंशाआधीं परवाना मागावा लागला तर तें मरून जाईल. पण हंसून झाल्यावर, दिवा मालवतांना, क्षणभर मनांत हिशेब करावयास हरकत नाहीं कीं, आज आपण ज्याला हंसलों त्याचें बिल उद्यां कोणाच्या घरीं जाणार आहे? त्याचें त्याच्याच घरीं जाणार असेल, तर निर्धास्त झोपावें. दुसऱ्या कोणाच्या घरीं जाणार असेल, तर त्या विनोदांत कोठें तरी खोट आहे असें समजावें.

त्या मुलीला निघतेवेळीं आम्हीं विचारलें, 'मग त्या मुलाला तूं काय उत्तर दिलेंस?' ती म्हणाली, 'मी म्हटलें, राजसारखें बोलतां येत नाहीं, पण आमच्या आजीसारखें बोलून दाखवितें. मग मराठींत त्याला चांगलें फैलावर घेतलें. त्याला एक अक्षर कळलें नाहीं, पण तो हंसला, आणि मीही.' आतां तो मुलगा तिच्या मित्रांपैकीं आहे, आणि दर सणाला फराळावर हात मारावयास येतो.